एकाच बेअरिंगवर दोन वेग-सेन्सर आणि दोन वेगळे आकडे: खरा कोणता मानावा?

प्रश्न: देखभाल_विभाग

नमस्कार. आमच्याकडे बेल्टने चालणारा एक मोठा सेंट्रिफ्युगल फॅन आहे. मोटर ११० किलोवॉटची असून मिनिटाला १४८० फेरे फिरते आणि पुलीच्या गुणोत्तरामुळे फॅनचा शाफ्ट मिनिटाला ४२० फेरे फिरतो. मोटर आणि फॅन दोन्ही काँक्रीटच्या पायावर घट्ट बसवलेले आहेत. खाली स्प्रिंग किंवा रबराचे पॅड नाहीत.

या यंत्रावर बऱ्याच वर्षांपासून कंपनाचा वेग मोजणारे, मूव्हिंग कॉइल प्रकारचे वेग-सेन्सर होते. ते टप्प्याटप्प्याने बदलायचे ठरल्यामुळे आम्ही पिझोइलेक्ट्रिक प्रकारचे, ४ ते २० मिलिअँपिअर आउटपुट देणारे नवे सेन्सर घेतले. जुने लगेच काढण्याऐवजी दोन्ही शेजारी शेजारी, एकाच हाउसिंगवर, एकाच आडव्या दिशेने, स्टडने बसवून दोन आठवडे चालवले. फॅनच्या बेअरिंगवर जुना सेन्सर २.१ मिमी/से दाखवतो आणि नवा ४.८ मिमी/से. मोटरच्या बेअरिंगवर मात्र जुना १.६ आणि नवा २.३ दाखवतो. आकडे दिवसभरात फारसे हलत नाहीत.

अडचण अशी की आमचा अलार्म २.८ वर आणि ट्रिप, म्हणजे यंत्र आपोआप बंद होण्याची मर्यादा, ४.५ वर लावलेला आहे. जुन्या सेन्सरप्रमाणे फॅन निर्धास्त चालू शकतो, तर नव्या सेन्सरप्रमाणे तो आतापर्यंत बंद व्हायला हवा होता. नवा सेन्सर सदोष आहे किंवा गरजेपेक्षा जास्त संवेदनशील आहे, असे उत्पादन विभागाचे म्हणणे आहे. दोन्ही सेन्सरची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रे माझ्यासमोर आहेत आणि दोन्हींत त्रुटी दोन टक्क्यांच्या आत आहे. मग यांतला खोटा कोण?

उत्तर १: साधन_तंत्रज्ञ

सर्वप्रथम पीएलसीमधील (नियंत्रण संगणकातील) स्केलिंग, म्हणजे प्रवाहाचे आकड्यात होणारे रूपांतर, तपासावे. अशा वेळी बहुधा सेन्सर निर्दोष असतो आणि चूक स्क्रीनवर असते. नव्या सेन्सरचा पल्ला शून्य ते २५ मिमी/से असेल, तर ४ मिलिअँपिअरला शून्य आणि २० मिलिअँपिअरला २५ यायला हवे, म्हणजे ४.८ मिमी/से साठी लूपमधील प्रवाह ७.०७ मिलिअँपिअर असायला हवा. लूपमध्ये मीटर जोडून हा आकडा प्रत्यक्ष पाहावा. केबलचे शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेले नाही ना, हेही पाहावे. ते एकाच टोकाला, शक्यतो पॅनेलकडे, अर्थ केलेले असावे; अन्यथा अर्थ लूपमधून येणारे ५० हर्ट्झचे सिग्नल कंपन म्हणून मोजले जाते.

तरीही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. स्केलिंग चुकलेले असते, तर मोटर आणि फॅन दोन्हींवर फरकाचे प्रमाण सारखेच आले असते. आपल्याकडे मोटरवर ते सुमारे १.४ पट आहे आणि फॅनवर सुमारे २.३ पट. त्यामुळे एवढ्याने प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही.

उत्तर २: कंपन_विश्लेषक

आपण मोटरचेही आकडे दिलेत हे फार बरे केलेत, कारण उत्तर तिथून सुरू होते. २.३ भागिले १.६ हे १.४४ येते. आकडे एका दशांशापर्यंत दिलेले आहेत हे लक्षात घेता हे गुणोत्तर १.४१ च्या, म्हणजे दोनच्या वर्गमुळाच्या, इतके जवळ आहे की दुसऱ्या कशाचा संशय घेण्याआधी मी नव्या सेन्सरची डेटाशीट उघडून तो आरएमएस (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) वेग देतो की पीक (तरंगाच्या माथ्याचा) वेग देतो, हे पाहीन. माझा अंदाज असा की जुना मॉनिटर आरएमएस दाखवतो आणि नवा सेन्सर आरएमएसला १.४१४ ने गुणून आलेला पीक दाखवतो. याला खरा पीकही म्हणता येत नाही. तो आरएमएसवरून काढलेला असल्यामुळे तरंगाचा आकार कसाही असला तरी गुणोत्तर तेच राहते. खरा पीक मोजणारा सेन्सर असता, तर हे गुणोत्तर असे जागच्या जागी बसले नसते.

आता फॅनकडे येऊ. ४.८ भागिले २.१ हे २.२९ होते. त्यातून पीक-आरएमएसचा १.४१४ काढून टाकला की १.६२ उरते. म्हणजे एकक सारखे केल्यावरही जुना सेन्सर नव्याच्या केवळ ६२ टक्के वेग दाखवतो, आणि तोही फक्त फॅनवर. मोटरवर हा उरलेला फरक जवळजवळ नाहीच. दोन ठिकाणांत मूलभूत फरक एकच आहे, तो म्हणजे फेऱ्यांचा: मोटर २४.७ हर्ट्झवर फिरते आणि फॅन ७ हर्ट्झवर.

मूव्हिंग कॉइल सेन्सर कसा काम करतो ते पाहिले की याचा उलगडा होतो. सेन्सरच्या कवचाला कायम चुंबक घट्ट जोडलेले असते आणि त्याच्या क्षेत्रात तारेची गुंडाळी मऊ स्प्रिंगांवर टांगलेली असते. कंपनाची वारंवारता या टांगलेल्या गुंडाळीच्या नैसर्गिक वारंवारतेच्या बरीच वर असेल, तर गुंडाळी अवकाशात जवळजवळ स्थिर राहते आणि हाउसिंगबरोबर चुंबक तिच्याभोवती मागे-पुढे होत राहते. या सापेक्ष वेगाच्या प्रमाणात गुंडाळीत व्होल्टेज निर्माण होते. म्हणूनच हा सेन्सर बाहेरून वीज न घेता थेट वेग मोजतो, आणि त्याची संवेदनशीलता अनेक नमुन्यांत सुमारे २० मिलिव्होल्ट प्रति मिमी/से एवढी भरघोस असते. परंतु वारंवारता खाली येऊ लागली की गुंडाळीही चुंबकाबरोबर हलू लागते, सापेक्ष वेग घटतो आणि व्होल्टेज घटते. वेग कमी झालेला नसतो. तो पाहण्याची सेन्सरची क्षमता कमी झालेली असते.

जुन्या सेन्सरची नैसर्गिक वारंवारता ८ हर्ट्झ आणि अवमंदन गुणोत्तर (हालचाल किती लवकर शमते याचे माप) ०.७ असावे असे धरून मी हिशेब केला; या प्रकारच्या सेन्सरमध्ये ही मूल्ये सर्रास आढळतात. त्यानुसार २४.७ हर्ट्झवर तो खऱ्या वेगाच्या साधारण ९९.७ टक्के दाखवेल, १६ हर्ट्झवर ९७ टक्के, १० हर्ट्झवर ८५ टक्के, ८ हर्ट्झवर ७१ टक्के आणि आपल्या ७ हर्ट्झवर ६१ टक्के. फॅनचे जवळजवळ सगळे कंपन शाफ्टच्या फेऱ्यांवरच आहे असे मी यात गृहीत धरले आहे. ते खरे असेल, तर फॅनच्या बेअरिंगवरील वेग ३.४ मिमी/से आरएमएस असायला हवा. ३.४ चे ६१ टक्के म्हणजे २.१ आणि ३.४ गुणिले १.४१४ म्हणजे ४.८. दोन्ही सेन्सर आपापल्या परीने इमानदार आहेत, फक्त दोघांनाही वेगवेगळे प्रश्न विचारले गेले आहेत.

प्रमाणपत्रांबद्दल आपला गोंधळ होणे स्वाभाविक आहे. त्यावर कॅलिब्रेशन कोणत्या वारंवारतेला केले आहे ते पाहावे. हातात धरता येणारे कॅलिब्रेटर बहुधा १५९.२ हर्ट्झवर चालतात, कारण तिथे कोनीय वारंवारता बरोबर १००० रेडियन प्रति सेकंद होते आणि १० मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण म्हणजे १० मिमी/से वेग असा सोपा हिशेब बसतो. त्या वारंवारतेला आपला जुना सेन्सर शंभरपैकी शंभर गुण मिळवेल, आणि त्यावरून ७ हर्ट्झबद्दल काहीही कळणार नाही.

देखभाल_विभाग

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक धन्यवाद. तपासलेल्या गोष्टी क्रमाने सांगते.

लूपमधील प्रवाह आणि स्क्रीनवरचा आकडा जुळतात, त्यामुळे स्केलिंग बरोबर आहे. नव्या सेन्सरच्या डेटाशीटमध्ये आउटपुट 'पीक' असे स्पष्ट लिहिले आहे आणि खालच्या टीपेत ते आरएमएसवरून काढल्याचेही नमूद आहे. खरेदीच्या वेळी आम्ही केवळ 'शून्य ते २५ मिमी/से' एवढेच मागितले होते. आरएमएस की पीक, हे मागणीपत्रात लिहायचे राहून गेले. जुन्या सेन्सरवर नैसर्गिक वारंवारता ८ हर्ट्झ अशीच कोरलेली आहे. प्रमाणपत्रे अनुक्रमे १५९.२ आणि ८० हर्ट्झवरची निघाली.

यानंतर मी पोर्टेबल डेटा कलेक्टरने स्वतः मोजले, तर तिसराच आकडा आला: १.२ मिमी/से! आता तर मी पुरतीच गोंधळले आहे.

उत्तर ३: कंपन_विश्लेषक

कलेक्टरच्या सेटिंगमध्ये हाय-पास फिल्टर (ठरावीक वारंवारतेच्या खालचे कंपन गाळणारा) किती हर्ट्झवर लावलेला आहे ते पाहावे. बऱ्याच उपकरणांत तो मुळातच १० हर्ट्झवर असतो, कारण कंपनाच्या तीव्रतेचे नेहमीचे मोजमाप १० ते १००० हर्ट्झच्या पट्ट्यात केले जाते. ७ हर्ट्झवर फिरणारा फॅन त्या पट्ट्याबाहेरच राहतो. आयएसओ १०८१६-३ या मानकात मिनिटाला ६०० पेक्षा कमी फेरे असलेल्या यंत्रांसाठी खालची मर्यादा २ हर्ट्झपर्यंत असावी असे सांगितले आहे, ते नेमके याच कारणासाठी. फिल्टर २ हर्ट्झवर आणून पुन्हा मोजावे आणि स्पेक्ट्रमचीही (कोणत्या वारंवारतेला किती कंपन आहे त्या आलेखाची) नोंद घ्यावी. सेन्सर चुंबकाने लावल्यावर काही सेकंद थांबून मगच वाचन सुरू करावे, कारण लावण्याच्या धक्क्यानंतर इंटिग्रेशन (त्वरणावरून वेग काढणे) स्थिरावायला वेळ लागतो आणि खालच्या वारंवारतेला हा वेळ आणखी वाढतो.

उत्तर ४: जुना_फिटर

माझे काम मुख्यतः फिटिंगचे आणि बॅलन्सिंगचे आहे, त्यामुळे गणितात शिरत नाही. मूव्हिंग कॉइल सेन्सरबद्दल दोन गोष्टी मात्र अनुभवाने सांगाव्याशा वाटतात.

एक म्हणजे त्याला दिशा असते. उभ्या स्थितीसाठी बनवलेला सेन्सर आडवा बसवला, तर गुंडाळी तिच्या मध्यबिंदूवरून घसरते, स्प्रिंग एका बाजूला ताणली जाते आणि खालच्या वारंवारतेतील प्रतिसाद आणखी बिघडतो. काही नमुने कोणत्याही स्थितीत चालतात, काही केवळ उभे किंवा केवळ आडवे. सेन्सरच्या अंगावरचा बाण किंवा अक्षर बहुतेक जण पाहतच नाहीत.

दुसरे म्हणजे त्याच्या आत हलणारे भाग असतात आणि हलणारी वस्तू झिजते. वर्षानुवर्षे आडव्या धक्क्यांत राहिलेल्या सेन्सरची स्प्रिंग थकते, गुंडाळी कडेला घासू लागते, आणि आकडा एकदम शून्य न होता हळूहळू कमी होत जातो. हे अधिक धोक्याचे आहे, कारण घटत जाणाऱ्या कंपनाची तक्रार कोणी करत नाही. मी असे सेन्सर ओहममीटरने गुंडाळीचा रोध पाहून आणि हातात धरून हलवून तपासत असे. आतून खरखर जाणवली किंवा मीटरचा काटा अडखळला तर तो सेन्सर बाजूला ठेवत असे.

आणि मॅडम, फॅनच्या हाउसिंगवर हात ठेवून पाहिलात का? ४२० फेऱ्यांना इतका वेग असेल, तर हाउसिंग सरळ सरळ हलताना जाणवायला हवे. आकड्यांवर वाद सुरू असताना हे कोणी करत नाही.

देखभाल_विभाग

फिल्टर खरोखरच १० हर्ट्झवर होता. तो २ हर्ट्झवर आणल्यावर ३.४ मिमी/से आरएमएस असा आकडा आला, आणि स्पेक्ट्रममध्ये ७ हर्ट्झची एकच उंच रेघ आहे. बाकीचे सर्व तिच्यापुढे नगण्य आहे. उत्तर २ मधील भाकीत दशांशापर्यंत जुळले.

आणि होय, हात ठेवला तेव्हा हाउसिंगची हालचाल स्पष्ट जाणवली. आमच्या पाळीतील एक ज्येष्ठ सहकारी बरेच दिवस हेच सांगत होते, पण स्क्रीनवर २.१ दिसत असल्यामुळे त्यांचे कोणी फारसे मनावर घेतले नाही.

आता मानकाकडे पाहिले, तर आमचे यंत्र १५ ते ३०० किलोवॉटच्या दुसऱ्या गटात आणि भक्कम पायाच्या वर्गात मोडते, म्हणजे ए (उत्तम) ते डी (धोकादायक) या चार झोनच्या सीमा १.४, २.८ आणि ४.५ मिमी/से आरएमएस. जुन्या आकड्याने फॅन बी झोनमध्ये होता, नव्याने डी झोनमध्ये, आणि खऱ्या आकड्याने तो सी झोनमध्ये येतो. म्हणजे तातडीने बंद करण्याची गरज नसून पुढच्या नियोजित बंदपर्यंत लक्ष ठेवून चालवता येईल, असा अर्थ मी लावते. बरोबर आहे का?

उत्तर ५: कंपन_विश्लेषक

मी इथे आपल्याला थांबवेन.

आपले वर्गीकरण बरोबर आहे. 'भक्कम' हा शब्द मानकात काँक्रीट पाहून लावायचा नसतो. यंत्र आणि पाया यांची मिळून त्या दिशेतील सर्वांत खालची नैसर्गिक वारंवारता मुख्य उत्तेजनाच्या वारंवारतेपेक्षा किमान २५ टक्के वर हवी. ७ हर्ट्झच्या यंत्राला काँक्रीटवर ही अट पुरी करणे सोपे जाते. परंतु त्याच तक्त्यात वेगाच्या शेजारी विस्थापनाचाही रकाना आहे आणि मंद यंत्रांसाठी तोच निर्णायक ठरतो. दुसऱ्या गटासाठी, भक्कम पायावर, त्या सीमा २२, ४५ आणि ७१ मायक्रोमीटर आरएमएस आहेत. दोन्ही निकषांनी वेगवेगळे झोन आले, तर अधिक कडक निकष लागू करायचा असतो.

वेगाला कोनीय वारंवारतेने भागले की विस्थापन मिळते. ७ हर्ट्झला कोनीय वारंवारता ४४ रेडियन प्रति सेकंद; ३.४ भागिले ४४ म्हणजे ०.०७७ मिलिमीटर, अर्थात ७७ मायक्रोमीटर आरएमएस. पीक-टू-पीकमध्ये सांगायचे तर सुमारे २२० मायक्रोमीटर, म्हणजे जवळजवळ पाव मिलिमीटर. म्हणूनच ते हाताला कळले. ७१ ची सीमा ओलांडलेली आहे, म्हणून विस्थापनाने हे यंत्र डी झोनमध्ये आहे. नव्या सेन्सरने चुकीच्या एककामुळे जो झोन दाखवला, तोच योग्य निकषाने खरा निघतो हा निव्वळ योगायोग आहे. त्यावरून त्या सेन्सरच्या मापनाला प्रमाणपत्र देऊ नये.

वेगाला एवढे महत्त्व का मिळाले हे समजले, तर त्याची मर्यादाही समजते. साधारण १० ते १००० हर्ट्झच्या पट्ट्यात समान वेग म्हणजे ढोबळमानाने समान तीव्रता असे मानता येते, कारण या पट्ट्यात यंत्राच्या भागांवर येणाऱ्या चक्रीय ताणाचा संबंध विस्थापनापेक्षा किंवा त्वरणापेक्षा वेगाशी अधिक जवळचा असतो. त्यामुळे ७५० फेऱ्यांचे यंत्र असो किंवा ३००० फेऱ्यांचे, एकच आकडा दोघांना लावता येतो. या पट्ट्याच्या खाली विस्थापन बोलके होते आणि वर त्वरण. रोलिंग बेअरिंगमधील पहिली इजा किंवा गिअरच्या दातांचा त्रास अनेक किलोहर्ट्झवर दिसू लागतो, तेव्हा एकूण वेगाचा आकडा जागचा हलतही नाही; त्यासाठी त्वरण आणि एन्व्हलपिंगसारखी, वारंवार येणारे बारीक धक्के वेगळे काढणारी पद्धत लागते. स्लीव्ह बेअरिंगमध्ये तेलाच्या थरामुळे शाफ्टची हालचाल हाउसिंगपर्यंत पुरेशी पोचत नाही, म्हणून तिथे शाफ्टकडे थेट पाहणारे प्रॉक्सिमिटी प्रोब वापरतात. वेग-सेन्सर हे असंतुलन, मिसअलाइनमेंट, सैल बोल्ट, वाकलेला शाफ्ट अशा दोषांसाठीचे साधन आहे आणि त्या कामात ते अतिशय चांगले आहे.

मी दिलेले आकडे १०८१६-३ च्या २००९ च्या आवृत्तीतील आहेत. २०२२ मध्ये त्या भागाची जागा आयएसओ २०८१६-३ ने घेतली आहे, तेव्हा अंतिम मर्यादा ठरवताना तीच आवृत्ती समोर ठेवावी.

माझ्या मते नियोजित बंदची वाट पाहू नये. एकच रेघ, तीही शाफ्टच्या फेऱ्यांवर, म्हणजे असंतुलनाची शक्यता सर्वाधिक आहे. इम्पेलरवर साचलेला थर आधी पाहावा.

उत्तर ६: साधन_तंत्रज्ञ

वरील चर्चेवरून नवे सेन्सर सर्व बाबतींत सरस आहेत असा समज होऊ नये, म्हणून त्यांच्याही दुखण्यांची नोंद करतो.

पिझोइलेक्ट्रिक वेग-सेन्सर प्रत्यक्षात वेग मोजत नाही. आतला स्फटिक त्वरण मोजतो आणि आतलेच इलेक्ट्रॉनिक सर्किट त्याचे इंटिग्रेशन करून वेग देते. वेग तोच असताना वारंवारता घटली की त्वरणही घटते: ३.४ मिमी/से वेगाला २४.७ हर्ट्झवर ०.५३ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण असते, तर ७ हर्ट्झवर केवळ ०.१५. इंटिग्रेशन म्हणजे वारंवारतेने भागणे, त्यामुळे खालच्या टोकाला सिग्नल जितका वाढवला जातो तितकाच सर्किटचा स्वतःचा गोंगाटही वाढतो. स्पेक्ट्रमच्या डाव्या कडेला उतारासारखा दिसणारा ढीग याचाच असतो. अचानक तापमान बदलले, म्हणजे गरम हवेचा झोत आला किंवा थंड पाणी पडले, तरी स्फटिक सिग्नल देतो, आणि तोही याच टोकाला दिसतो. आणखी एक फसवा प्रकार असा की वाफेची गळती किंवा पंपातील कॅव्हिटेशन यांमुळे उच्च वारंवारतेचे जोरदार त्वरण आले, तर आतला अँप्लिफायर संपृक्त होतो आणि बाहेर खोटा, मोठा वेग दिसतो. यंत्र शांत असते आणि ट्रिप होते.

मूव्हिंग कॉइल सेन्सरला यांतले काहीही होत नाही. त्याला वीज लागत नाही, त्याचा सिग्नल सशक्त असल्यामुळे लांब केबलवरही टिकतो आणि त्याचे काही नमुने गॅस टर्बाइनच्या गरम कवचावरही वापरले जातात. मात्र त्याला मोठ्या मोटरच्या चुंबकीय क्षेत्राचा त्रास होतो, आणि ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर तिथे दिसणारे ५० किंवा १०० हर्ट्झचे कंपन खरे आहे की क्षेत्रातून शिरलेले, हे वेगळे तपासावे लागते. त्याचे अवमंदन काही नमुन्यांत गुंडाळीवर जोडलेल्या रोधावरही अवलंबून असते. मॉनिटरचे कार्ड बदलले की खालच्या वारंवारतेचा प्रतिसादही बदलतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

खरेदीच्या मागणीपत्रात यापुढे पल्ल्याबरोबर आरएमएस की पीक, आणि वारंवारतेचा पट्टा कोणत्या अचूकतेला दिला आहे, हे आवर्जून लिहावे. '२ हर्ट्झपासून, वजा ३ डेसिबल' असे लिहिलेले असेल, तर २ हर्ट्झवर तो सेन्सर २९ टक्के कमी दाखवणार, असा त्याचा अर्थ होतो. '२ हर्ट्झपासून, अधिक-उणे १० टक्के' हा निराळा सेन्सर आहे, जरी जाहिरातीत दोन्ही 'दोन हर्ट्झचे' असले तरी.

देखभाल_विभाग

काल फॅन थांबवला. इम्पेलरच्या पात्यांच्या मागच्या बाजूला धुळीचा कडक थर होता आणि दोन पात्यांवरचा थर तुटून पडलेला होता. साफसफाईनंतर ट्रायल वजन (चाचणीपुरते माहीत असलेले वजन) लावून एका प्रतलात बॅलन्सिंग केले. आता कलेक्टरवर १.२ मिमी/से आरएमएस येते, म्हणजे २७ मायक्रोमीटर. गंमत म्हणजे दहा हर्ट्झचा फिल्टर लावून मी आधी वाचलेलाही हाच आकडा होता. जुना सेन्सर आता ०.७ दाखवतो, जो पुन्हा ६१ टक्क्यांच्या हिशेबात बसतो.

दोन शंका उरल्या आहेत. बॅलन्सिंग करताना फेज (शाफ्टच्या कोणत्या कोनाला कंपनाचा माथा येतो ते) जुन्या सेन्सरवरून घेतली होती, ते चालते का? आणि अलार्म आता किती ठेवावा?

उत्तर ७: जुना_फिटर

ट्रायल वजन लावून केले असेल, तर चालते. नैसर्गिक वारंवारतेच्या आसपास हा सेन्सर फेज बरीच सरकवतो, पण ट्रायल वजनाआधीच्या आणि नंतरच्या वाचनात ती सारखीच सरकलेली असल्यामुळे वजाबाकीत निघून जाते. अट एकच: दोन्ही वेळा फेरे तेच हवेत. बेल्ट घसरून फेरे बदलले, तर फेज हलते आणि मग वजन भलत्याच पात्याजवळ लागते. ट्रायल न घेता, केवळ फेज पाहून जड बाजू शोधू जाल तर या सेन्सरवर पूर्ण फसाल.

उत्तर ८: कंपन_विश्लेषक

त्यात आकडा घालतो: ८ हर्ट्झ आणि ०.७ अवमंदन धरल्यास ७ हर्ट्झवर फेज १०१ अंशांनी पुढे असते, तर मोटरच्या २४.७ हर्ट्झवर २७ अंशांनी.

अलार्मसाठी मानकातील मार्ग असा की यंत्राची स्वतःची आधाररेषा घ्यावी आणि तीत बी-सी सीमेच्या २५ टक्के मिळवावेत. वेगाने पाहिले तर १.२ अधिक ०.७, म्हणजे १.९ मिमी/से. विस्थापनाने २७ अधिक ११, म्हणजे ३८ मायक्रोमीटर, जे ७ हर्ट्झवर सुमारे १.७ मिमी/से होते. आपल्या सेन्सरवर विस्थापन दिसत नसल्यामुळे कडक असलेला १.७ हाच अलार्म ठेवावा, आणि ट्रिप ७१ मायक्रोमीटरशी जुळणाऱ्या ३.१ मिमी/से वर, काही सेकंदांच्या विलंबासह. हे दोन्ही आकडे आरएमएसमधले आणि केवळ या फॅनच्या बेअरिंगसाठी आहेत. फेरे बदलणारा ड्राइव्ह पुढेमागे बसवलात, तर विस्थापनावरून काढलेले हे वेग लागू राहणार नाहीत आणि हिशेब पुन्हा करावा लागेल. मोटरच्या बेअरिंगला २४.७ हर्ट्झवर वेगाचाच निकष लागतो, तिथले २.८ आणि ४.५ तूर्त तसेच राहू द्यावेत, फक्त नवा सेन्सर पीक दाखवतो हे विसरू नये.

देखभाल_विभाग

नव्या सेन्सरचे आउटपुट आरएमएसवर बदलता येते असे डेटाशीटमध्ये सापडले; ते बदलून घेतले आणि फॅनवर आता १.२ व मोटरवर १.६ दिसते. अलार्म आणि ट्रिप सुचवल्याप्रमाणे लावले आहेत. ट्रेंडच्या आलेखावर बदलाच्या तारखेला उभी रेघ मारून 'सेन्सर बदलला, आधीचे फॅनचे आकडे ०.६१ ने भागून वाचावेत' अशी नोंद केली आहे. आमच्याकडे याच जातीचे जुने सेन्सर असलेली, मिनिटाला ६०० पेक्षा कमी फेऱ्यांची आणखी तीन यंत्रे आहेत. उद्यापासून फिल्टर २ हर्ट्झवर ठेवून त्यांचे वाचन सुरू करते.